उन्हाचे ऊन पाणी

मराठीत सूर्याच्या प्रकाशाला आपण ‘ऊन’ म्हणतो आणि तापलेल्या पाण्यालाही ‘ऊन पाणी’ म्हणतो. दोन्ही शब्द एकाच ‘उष्ण’ या मुळापासून आले आहेत. भाषेने इतक्या पूर्वी जवळ आणलेल्या या दोन गोष्टी व्यवहारात मात्र आपण दूर ठेविल्या. अंगणात ऊन रखरखत असते आणि आत न्हाणीघरात आपण पाणी तापविण्यासाठी काही ना काही जाळीत असतो. आमच्या लहानपणी वाड्यात तांब्याचा बंब असे. पहाटे कोणीतरी उठून त्यात ढलप्या आणि कोळसे घाली, डोळे चोळीत फुंकर मारी, आणि मग घरातल्या माणसांच्या आंघोळी ओळीने होत. पुढे बंब माळ्यावर गेला व भिंतीवर विजेचा गिझर आला. घरातला धूर गेला म्हणून सर्वांना आनंद झाला, आणि तो रास्तही होता. परंतु धूर नाहीसा झाला नव्हता. दूर कोठेतरी वीजकेंद्राच्या धुराड्यातून तो निघतच होता. फक्त आपल्या डोळ्यांत जाईनासा झाला होता.

आज आम्हांला एका लहानशा बेटाची हकीगत सांगावयाची आहे. या बेटाने उन्हाने पाणी तापविण्याचे काम मोठ्या प्रमाणावर करून दाखविले. ते बेट म्हणजे वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस. हे नाव आपल्याकडे क्रिकेटमुळे माहीत असते. वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट हे तीन ‘डब्ल्यू’ आणि गारफिल्ड सोबर्स हे त्या भूमीचे. १९६२ साली नरी काँट्रॅक्टर यांच्या डोक्याला चेंडू लागून त्यांच्या जिवावर बेतले, तेही याच बेटावर. पण क्रिकेटइतकीच तेथली छपरेही पाहण्यासारखी आहेत. घराघरांवर एक काळी काचेची पेटी आणि तिच्या डोक्याशी आडवी टाकी, असे दृश्य तेथे नित्याचे आहे.

या बेटाचे क्षेत्रफळ अवघे ४३१ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षाही कमी. लोकवस्ती पावणेतीन-तीन लाखांच्या घरातली. अक्षांश सुमारे १३ उत्तर, म्हणजे आपले चेन्नई ज्या रेषेवर आहे तीच. तीनशेहून अधिक वर्षे हे बेट इंग्रजांच्या ताब्यात होते. ऊस आणि साखर हा त्या काळी त्याचा मुख्य धंदा होता. १९६६ च्या नोव्हेंबरात ते स्वतंत्र झाले. नद्यांचे धबधबे नाहीत, कोळसा नाही, आणि खनिज तेल सापडते ते अगदी थोडे. त्यामुळे वीज करावयाची तर मुख्यतः जहाजातून आलेले तेल जाळून. ऊन मात्र भरपूर. सपाट जमिनीच्या दर चौरस मीटरवर रोज सरासरी साडेपाच युनिटांच्या आसपास उष्णता तेथे आकाशातून उतरते.

येथे कोणी विचारील की, चेन्नईसारख्या उष्ण हवेत ऊन पाणी हवे कोणाला? शंका योग्य आहे. गार पाण्याने आंघोळ करणारे लोक तेथेही पुष्कळ होते व आहेत. पण तुपातेलाची भांडी गार पाण्याने निघत नाहीत. तान्ह्या मुलाला, बाळंतिणीला आणि म्हाताऱ्या माणसाला उष्ण हवेतही कोमट पाणी लागते. आणि थंड देशांतून पाहुणे येऊ लागले की, त्यांच्या खोलीतल्या नळाला ऊन पाणी असावेच लागते. राहणीमान जसे वाढले तशी ही गरजही वाढली, आणि तिच्याबरोबर तेलाचे बिल वाढले.

हे बिल किती, याचा हिशेब घरच्या घरी करता येतो. एक लिटर पाणी एक अंशाने तापवावयास एक किलोकॅलरी उष्णता लागते, आणि विजेच्या एका युनिटात अशा ८६० किलोकॅलरी असतात. चार-पाच माणसांच्या घराला दिवसाला दीडशे लिटर पाणी लागते आणि ते तीस अंशांनी तापवावयाचे, असे धरू. दीडशे गुणिले तीस म्हणजे साडेचार हजार किलोकॅलरी. त्यांना ८६० ने भागले की, सव्वापाच युनिटे होतात. वर्षाची झाली एकोणीसशे. ही सर्व युनिटे कशासाठी? कोणतेही यंत्र चालविण्यासाठी नव्हे, दिवा लावण्यासाठी नव्हे, केवळ पाणी कोमटाहून थोडे अधिक ऊन करण्यासाठी.

त्यात आणखी एक उधळपट्टी दडलेली आहे. तेल जाळून वीज करताना तेलातील उष्णतेचा एक-तृतीयांशाहून थोडाच अधिक भाग विजेत उतरतो. बाकीचा हवेत आणि थंड करण्याच्या पाण्यात निघून जातो. म्हणजे आधी मोठी उष्णता गमावून वीज करावयाची आणि मग ती वीज गिझरमध्ये घालून पुन्हा उष्णताच करावयाची. उसाच्या बेटाला शोभेल असा दाखला द्यावयाचा तर, रस आटवून गूळ करावा, तो दूरवर पाठवावा आणि तेथे पाण्यात कालवून पुन्हा रस म्हणून प्यावा, तसा हा प्रकार आहे.

आता छपरावरच्या पेटीकडे वळू. तिच्यात काही गूढ नाही. एक उथळ पेटी, तळाशी काळा रंग दिलेला धातूचा पत्रा, त्या पत्र्याला घट्ट जोडलेल्या तांब्याच्या बारीक नळ्या, वरून काच, खालून व बाजूंनी उष्णता बाहेर जाऊ न देणारे जाड अस्तर. उन्हात काचा लावून ठेवलेल्या मोटारीत बसलेल्या माणसाला या पेटीचे निम्मे शास्त्र सांगावे लागत नाही. ऊन काचेतून आत येते, काळ्या पत्र्यावर त्याची उष्णता होते आणि ती उष्णता आल्या वाटेने सहज परत जाऊ शकत नाही. ती नळ्यांतल्या पाण्याला मिळते. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते व पेटीच्या डोक्याशी ठेवलेल्या टाकीत जाते. टाकीच्या तळचे गार पाणी जड, ते खाली पेटीत उतरते. ऊन आहे तोवर हे रहाट आपोआप फिरत राहते. त्याला पंप नको, वीज नको, माणूस नको. सूर्य मावळला की रहाट थांबते. आणि टाकी वर व पेटी खाली असल्यामुळे तापलेले पाणी रात्री उलट दिशेने फिरून गार होत नाही. टाकीला जाड अस्तर असले की, सकाळपर्यंत पाणी ऊन राहते. दोन चौरस मीटरच्या पेटीवर दिवसाला सुमारे अकरा युनिटांचे ऊन पडते. त्यातले निम्मे जरी पाण्यात उतरले, तरी आपण वर काढलेली सव्वापाच युनिटांची गरज भागते.

यंत्र इतके सोपे असेल, तर ते सर्वत्र का दिसत नाही? आमच्या मते या विषयाचे खरे मर्म या प्रश्नात आहे. कारण हा शोध काही कालचा नव्हे. अमेरिकेत क्लॅरेन्स केम्प यांनी सूर्याच्या बंबाचे एकस्व १८९१ साली घेतले. कॅलिफोर्नियात विल्यम बेली यांनी १९०९ च्या सुमारास पेटी व टाकी वेगळ्या करून रात्रीही पाणी ऊन ठेवण्याची सोय केली. पुढे हे बंब फ्लोरिडातील मायामी शहरात गेले, आणि १९४१ च्या सुमारास त्या शहरातील निम्मी वस्ती सूर्यावर तापलेले पाणी वापरीत होती. मग युद्ध आले, तांबे लष्कराकडे वळले. युद्धानंतर वीज स्वस्त झाली, वीज कंपन्यांनी विजेचे बंब खपविण्याचा सपाटा लावला, आणि काही वर्षांत सूर्याचा बंब त्या शहरातून जवळजवळ नाहीसा झाला. मायामीचे ऊन काही कमी झाले नव्हते! ऊन होते, यंत्र होते, ते वापरण्याची सवयही होती. तरीही पैशाचा हिशेब उलटला, तेव्हा या तिन्ही गोष्टी निरुपयोगी ठरल्या.

हा हिशेब कोणता, ते पाहा. विजेचा गिझर विकत घेताना स्वस्त आणि वापरताना महाग. सूर्याचा बंब वापरताना फुकट आणि विकत घेताना महाग. सूर्याच्या बंबाचे पैसे म्हणजे पंधरा-वीस वर्षांच्या इंधनाचे बिल पहिल्याच दिवशी भरण्यासारखे आहे. ज्याच्या हाती तेवढी रक्कम नाही त्याला पुढचा फायदा कितीही समजावून सांगितला, तरी तो काय करणार? महिन्याच्या सामानाचे पोते एकदम भरणे स्वस्त पडते हे हातावर पोट असलेल्या बाईलाही ठाऊक असते. पण ती रोज पावशेर आणते, कारण हातात पावशेराचेच पैसे असतात. म्हणून ऊन पाण्याचा प्रश्न अर्धा पदार्थविज्ञानाचा आणि अर्धा पहिला पैसा कोणी घालावयाचा याचा आहे. बार्बाडोसने हा दुसरा अर्धा भाग ओळखला.

१९७३ च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा रोखला आणि काही महिन्यांतच तेलाची किंमत जवळजवळ चौपट झाली. आयात तेलावर वीज करणाऱ्या बेटाला हा घाव वर्मी बसला. त्या वेळी अँड्र्यू हॅच नावाचे एक धर्मगुरू बेटावर सूर्याच्या बंबाचे प्रयोग करीत होते. त्यांच्या प्रयोगातून स्फूर्ती घेऊन जेम्स हजबंड्स या तरुणाने १९७४ साली थोड्याशा कर्जाऊ भांडवलावर असे बंब बनविण्याचा कारखाना काढला. त्याच वर्षी सरकारने कायद्याने दोन गोष्टी केल्या. सूर्याच्या बंबाला लागणाऱ्या कच्च्या मालावरील आयात कर माफ केला, आणि विजेच्या बंबावर तीस टक्के कर बसविला. एकाची किंमत उतरली, दुसऱ्याची चढली, आणि दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला दोन्हींतले अंतर पूर्वीइतके दुस्तर वाटेनासे झाले.

१९७६ साली तेथे सत्तांतर झाले. एरॉल बॅरो यांचा पक्ष गेला, टॉम ॲडम्स पंतप्रधान झाले. नवे सरकार आले की, जुन्या सरकारची योजना अडगळीत जाते हा अनुभव सर्व देशांत सारखाच. येथे तसे झाले नाही. ॲडम्स यांनी स्वतःच्या घरावर असा बंब बसवून घेतला, घरच्या गॅसचे बिल उतरलेले पाहिले आणि योजना पुढे चालविली. सरकार बांधीत असलेल्या गृहवसाहतींत हे बंब बसविण्यात आले. लहान कारखान्याला त्यामुळे एकदम मोठे काम मिळाले, आणि शेजाऱ्याच्या छपरावर चालू असलेला बंब प्रत्यक्ष पाहण्याची सोय लोकांना झाली. १९८० साली आणखी एक पाऊल पडले. जो घरमालक सूर्याचा बंब बसवील त्याला त्याचा खर्च, साडेतीन हजार बार्बाडोस डॉलरच्या मर्यादेत, आयकरपात्र उत्पन्नातून वजा करता येऊ लागला. नव्वदीच्या दशकाच्या आरंभी देश आर्थिक अडचणीत आला तेव्हा ही सवलत थांबविण्यात आली, आणि १९९६ साली पुन्हा देण्यात आली. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत बेटावर बसविलेल्या बंबांची संख्या पन्नास हजारांच्या आसपास गेली होती. एवढ्याशा देशात ही संख्या लहान नव्हे.

कर आणि सवलत यांच्याइतकीच आणखी एक गोष्ट महत्त्वाची होती. हे बंब त्या बेटावरच बनत होते. बार्बाडोसचा बहुतेक भाग प्रवाळाच्या चुनखडकाचा आहे. पावसाचे पाणी त्यातून झिरपून येते, त्यामुळे ते क्षारयुक्त असते. आपल्याकडे बोअरच्या पाण्याने गिझरच्या आत पांढरा थर धरतो, तसाच तेथल्या नळ्यांत व टाकीत धरतो. समुद्राचा खारा वारा लोखंडाला खातो तो वेगळाच. अशा ठिकाणी परदेशाहून आणलेले यंत्र बिघडले आणि दुरुस्त करणारा कोणी नसला तर पहिल्या दहा घरांतली निराशा पुढच्या हजार घरांना सावध करते. बनविणारा माणूस हाकेच्या अंतरावर असला, त्याने हमी दिली आणि हाक मारल्यावर तो आला, म्हणजे लोक पैसा सोडावयास तयार होतात. तेथे एकाचे पुढे तीन कारखाने झाले, त्यांत स्पर्धा लागली आणि शेजारच्या बेटांनाही माल जाऊ लागला.

ही झाली यशाची बाजू. पण आम्ही येथेच थांबलो तर तुमची फसवणूक केल्यासारखे होईल. आयकरातील सवलतीचा फायदा कोणाला? जो आयकर भरतो त्याला. ज्याचे उत्पन्नच कराच्या मर्यादेखाली आहे त्याला त्या सवलतीतून एक कवडीही मिळत नाही. शिवाय बंबाला छप्पर लागते, आणि छप्पर आपले असावे लागते. बार्बाडोसमध्ये ‘चॅटल हाऊस’ म्हणून लाकडी घरांचा एक जुना प्रकार आहे. मळ्यावरच्या मजुराची जमीन मळेवाल्याची असे; तेव्हा उद्या उठविले तर घर उचलून नेता यावे म्हणून तो सुट्या दगडांच्या ओट्यावर लहानसे लाकडी घर उभारी. अशा माणसांना आपल्या पायाखालची जमीन विकत घेण्याचा हक्क देणारा कायदा १९८० साली झाला. पाण्याने भरलेल्या टाकीचे दीड-दोनशे किलो वजन घराच्या हलक्या छपरावर चढवावयाचे, आणि ज्या जागेवरून उद्या उठावे लागेल तेथे वीस वर्षांच्या इंधनाचे पैसे आज गुंतवावयाचे, हे त्या मजुराला कसे परवडावे? भाडेकरूचे दुःखही हेच. बंबाचा खर्च मालकाचा आणि विजेचे बिल भाडेकरूचे. मग मालकाने बंब का बसवावा? उन्हात भेदभाव नाही, ते झोपडीवर आणि बंगल्यावर सारखेच पडते. पण ते पाण्यात उतरविण्याचा अधिकार सर्वांना सारखा मिळत नाही. म्हणूनच त्या साऱ्या योजनेत सरकारी वसाहतींतील बंब आम्हांला सर्वांत मोलाचे वाटतात. ते घर बांधतानाच आले. तेथे राहावयास येणाऱ्याला पहिली मोठी रक्कम शोधावी लागली नाही.

बार्बाडोसच्या जवळच त्रिनिदाद हे बेट आहे. ऊन तसेच, समुद्र तोच. परंतु तेथे तेल आणि नैसर्गिक वायू यांचे साठे आहेत आणि वीज फार स्वस्त. तेथील छपरांवर सूर्याचे बंब विरळाच. म्हणजे मायामीने जे काळाच्या ओघात दाखविले, ते ही दोन बेटे आज शेजारी शेजारी दाखवितात.

या साऱ्यांतून आपण काय घ्यावयाचे? आपल्या शहरांतही हे बंब आता नवीन राहिलेले नाहीत. लोक त्यांना नुसते ‘सोलर’ म्हणतात. पुण्याची महापालिका सोलर बसविणाऱ्याला मिळकत करात सूट देत आली आहे. परंतु अनुभव संमिश्र आहे. आमच्याच एका परिचितांच्या इमारतीत गच्चीवर पेट्यांची रांग आहे, आणि खालच्या मजल्यावर नळ सोडला की, ऊन पाणी येईपर्यंत दोन बादल्या गार पाणी वाहून जाते; कारण नळ बाहेरून, अस्तराशिवाय, पाच मजले उतरविलेला आहे. लोक दोष सूर्याला देतात आणि पुन्हा गिझर लावतात. खरे म्हणजे तेथे ऊन कमी पडले नाही, नळ नीट घातला गेला नाही. जेथे गच्ची लहान आणि बिऱ्हाडे फार, तेथे पेट्यांना जागाच पुरत नाही, हेही खरे. अशा ठिकाणी उष्णता-पंप नावाचे यंत्र उपयोगी पडते. फ्रिज आपल्या पोटातली उष्णता काढून मागच्या बाजूने बाहेर टाकतो. हे यंत्र त्याच रीतीने बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकते, आणि एका युनिट विजेत सुमारे तीन युनिटांइतके पाणी तापविते. त्याला वीज लागते, पण गिझरच्या तिसऱ्या हिश्शाने.

पावसाळ्यात सलग आठ दिवस सूर्य दिसला नाही तर काय, असे नेहमी विचारले जाते. त्या दिवसांत टाकीतली विजेची कांडी चालू करावी. वर्षातले बहुतेक दिवस सूर्याने काम केले आणि थोडे दिवस विजेने हातभार लावला, तरी वर काढलेल्या एकोणीसशे युनिटांतली बरीचशी वाचतात. सर्व किंवा काहीच नाही असा हट्ट येथे कामाचा नाही.

बार्बाडोसची नक्कल करा, असे आम्ही म्हणत नाही. आपल्या इमारती निराळ्या, कर निराळे, पाऊस निराळा. पण त्या लहान देशाने जे प्रश्न स्वतःला विचारले, ते आपल्या सोसायटीच्या पुढच्या सभेतही विचारता येतील. गच्ची कोणाची आणि तिच्यावरच्या उन्हात वाटा कोणाकोणाचा? नळ कोठून उतरणार आणि त्याला अस्तर असणार का? बिघडले तर येणारा माणूस कोण? आणि सर्वांत आधी, पहिला पैसा कोण घालणार, आणि ज्याच्याजवळ तो नाही त्याचे काय? बंबाच्या दिवसांत पाणी तापविण्याची किंमत काय, हे घरातल्या लहान पोरालाही कळे, कारण ढलप्या तोच आणून देई. गिझरने ती किंमत महिन्याच्या बिलाच्या एका आकड्यात लपविली. तो आकडा पुन्हा उघड करून सर्वांनी मिळून वाचला, तर पुढचे काम कठीण नाही. पेटी सोपी आहे, आणि ऊन तर रोज सकाळी गच्चीवर येऊन उभेच असते.